किचनमधलं तेल: ब्रँड नंतर, आधी हिशेब

ऐकत असाल तर हेडफोन नीट लावा, वाचत असाल तर हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार.

तुमच्याकडून दोन प्रश्न सारखे येतात. एक, "चौघं फ्लॅटवर राहतो, घरीच बनवतो, तेल कुठलं आणू?" दुसरा, "बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, घरचं तेल बदलू का?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सुरू होतं: किती?

शेंगदाणा असो, ऑलिव्ह असो की साजूक तूप, एका ग्रॅमला साधारण ९ कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. म्हणजे दिवसभरात चहाचे सहा सपाट चमचे. त्यात फोडणी आली, पोळीवरचं तूपही आलं.

आता गणित. २७ गुणिले ४ माणसं गुणिले ३० दिवस = ३२४० ग्रॅम. एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर. तुमचा पाच लिटरचा कॅन महिनाभरही पुरत नसेल, तर ब्रँड बदलून फार काही होणार नाही. आणि हो, दाण्याचा कूट जवळजवळ अर्धा तेलच असतो. साबुदाण्याच्या खिचडीत तो सढळ हाताने पडला, की फोडणीचं तेल थोडं कमी करायचं.

आता पाकीट उलटं करा. पुढे मोठ्ठं लिहिलेलं असतं, "कोलेस्टेरॉल फ्री". अहो, कोलेस्टेरॉल येतं प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतून. बियांच्या तेलात ते नसतंच म्हटलं तरी चालेल. वनस्पती तुपातही नव्हतं, पण त्यात ट्रान्स फॅट भरपूर असायचं, आणि हृदयाला ते सगळ्यात वाईट. एफएसएसएआयने जानेवारी २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली.

म्हणून मागचा तक्ता बघा, खास करून 'सॅच्युरेटेड फॅट'ची ओळ. खोबरेल तेलात ते साधारण ९० टक्के, तुपात ६० च्या वर, पामतेलात जवळपास निम्मं. शेंगदाण्यात २० च्या आत, करडई आणि सूर्यफुलात १० च्या आसपास. याचा अर्थ तूप बंद असा नाही. वरणभातावर चमचाभर घ्या की! पण ते त्या सहा चमच्यांत मोजायचं.

मग करडई सगळ्यात भारी? तळणीला नाही. करडई-सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलातली फॅट उष्णतेने लवकर बिघडते. रोजच्या भाजीला ती ठीक, तळणीला शेंगदाणा जास्त टिकाव धरतो. घाण्याचं तेल वासाला, चवीला मस्त, पण रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. ते चटणी, कोशिंबीर, मंद आचेच्या फोडणीला ठेवा. तेलं आलटून पालटून वापरा. पोषण संस्थेचाही सल्ला तोच आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: कढईत उरलेलं तेल. पुन्हा पुन्हा तापवलं की तेलात 'पोलर कंपाउंड्स' साठत जातात. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. घरी मोजायला मीटर नसतो, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट, चिकट झालं, फेस धरायला लागलं, आधीपेक्षा लवकर धूर सोडायला लागलं, की संपलं त्याचं काम. त्यात नवीन तेल ओतून ते 'ताजं' होत नाही.

उपाय सोपा आहे. छोटी कढई घ्या, तेल कमी घाला. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत भाजीत संपवा, पुन्हा तळणीला नको.

तर फ्लॅटवाल्यांनो, शेंगदाणा तेल घ्या, जोडीला करडई किंवा सूर्यफुलाची छोटी बाटली, आणि थोडं तूप. आणि बाबांसाठी? सहा चमच्यांचा हिशेब त्यांनाही लागू, तळण कमी, वनस्पती तूप बाद. पण तेल बदललं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करायची नाही. तेल हे औषध नव्हे.

आजचा होमवर्क: नवीन पिशवी फोडाल तेव्हा मार्करने तारीख लिहा. महिन्याने किती गेलं ते मोजा, माणसांनी भागा आणि आकडा मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!