लोहाचं गिऱ्हाईक

हुबळीच्या दुर्गदबैलात 'बैल' शोधू नये. कन्नडमधलं ते 'बयलु', म्हणजे मोकळं मैदान. आता तिथे मोकळं काही उरलेलं नाही. संध्याकाळी गिरमिटाच्या गाड्यापाशी चुरमुऱ्यांवर चिंच-गुळाचा कांदा-मसाला पडतो, वरून फुटाण्याची पूड आणि बाजूला तळलेली मिरची. मराठीत गिऱ्हाईक, कन्नडमध्ये गिराकी. ते कुठे जास्त जमलंय यावरून कुणाचा धंदा जोरात आहे, हे लांबूनच कळतं.

पेशीचा धंदाही असाच ओळखता येतो का, हा प्रश्न संशोधकांना पडला तो लोहामुळे. वाढत्या पेशीला लोह लागतं, कारण डीएनएचा कच्चा माल बनवणारं एक विकर त्याशिवाय चालतच नाही. रक्तात लोह सुटं फिरत नाही. ट्रान्सफेरिन हे प्रथिन एका वेळी दोन अणू वाहून आणतं आणि पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर ते पकडतो. शास्त्रीय मराठीत त्याला ग्राही म्हणतात. मला गिऱ्हाईक जास्त पटतं. पकडलेला माल एका इवल्या पिशवीतून आत जातो, तिथल्या आम्लतेने लोह सुटतं आणि रिकामं ट्रान्सफेरिन घेऊन रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. डबे परत करणारं गिऱ्हाईक.

भराभर वाढणाऱ्या पेशींना चिकटणारी 'ओकेटी९' ही प्रतिपिंडं नेमकी याच रिसेप्टरला धरतात, हे १९८१ साली उघड झालं. त्याच वर्षी इकडे निपाणीत शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं आंदोलन पेटलं होतं. दोन्हींचा तसा संबंध नाही. पण हा रिसेप्टर पुढे ज्या कर्करोगात तपासला गेला, त्या मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे. धुरातली घातक अमाइन्स रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते आणि आतल्या अस्तराला रोज तेच पाणी लागतं.

यातल्या चारपैकी साधारण तीन गाठी सापडतात तेव्हा वरवरच्या असतात. दुर्बिणीतून खरवडून काढल्या तरी बऱ्याच परत उगवतात, म्हणून रुग्णाला वर्षानुवर्षं सिस्टोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून तपासून घेण्यासाठी, यावं लागतं. कुणाची गाठ परत येणार, हे आधी कळलं तर? ब्रिस्बेनच्या संशोधकांनी काढलेल्या गाठींवर ट्रान्सफेरिन रिसेप्टर रंगवून पाहिला. वरवरच्या गाठींत तो दिसला तर गाठ परत येणारे रुग्ण ओळखता येतात, असा त्यांचा १९९० सालचा निष्कर्ष.

मग ही तपासणी आपल्या दवाखान्यांत रोजची का झाली नाही? कारण गिऱ्हाईक सगळीकडेच आहे. लाल पेशी घडवणारी अस्थिमज्जा लोहासाठी हाच रिसेप्टर वापरते, गर्भाला लोह पोचवणारी वारही तोच. तो दिसला म्हणजे पेशीला भूक लागली आहे एवढंच कळतं. ती भूक कसली, ते कळत नाही. माझ्या मते ही खूण वाढीचा वेग सांगणारी आहे, कर्करोगाचं नाव सांगणारी नाही. सिस्टोस्कोपीची जागा ती घेऊ शकत नाही. आणि हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी परस्पर बंद करू नये.

आपल्याकडे खरी अडचण याच्या कितीतरी आधी येते. पन्नाशी उलटलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाला एक दिवस लाल लघवी होते. दुखत काहीच नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल, सब्जा घ्या. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय संपतो. वेदना नसणं हेच या आजाराचं सर्वांत फसवं लक्षण आहे, आणि रक्त आपोआप थांबलं म्हणून गाठ गेली असं होत नाही.

हुबळीत विद्यानगरला किम्स या नावाने ओळखलं जाणारं सरकारी रुग्णालय आहे, नवनगरला कर्करोगाचं स्वतंत्र रुग्णालय आहे. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी तिथे किंवा जवळच्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा आणि विडी किती वर्षं ओढली ते न लपवता सांगा.