पडद्याला कसं कळतं?

मित्रांनो, टीव्हीचा रिमोट हातात घ्या पाहू. (घरात मॅच चालू असेल तर आधी परवानगी काढा!) त्याच्या पुढच्या टोकाला एक इवलासा दिवा असतो. बटण दाबा. दिसला उजेड? नाही ना? आता तेच टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा, बटण दाबा आणि मोबाइलच्या पडद्यावर बघा. दिवा चक्क लुकलुकतोय! मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा.

आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा वर चढला!

याच प्रकाशाच्या जोरावर भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्याला समजतं, की तुम्ही पेन नेमकं कुठे टेकवलंत. प्रोजेक्टरने पडद्यावर नकाशा टाकायचा, पेनाने गोदावरी गिरवायची आणि निळी रेघ उमटत जायची. असे फळे बाजारात होतेच. कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज कंपनीने १९९१ मध्ये आपला 'स्मार्ट बोर्ड' आणला. पण असल्या फळ्यांची किंमत हजारो डॉलर! किती शाळांना परवडणार?

मग २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणाऱ्या जॉनी चुंग ली या तरुणाने एक गंमत केली. त्याने घेतला खेळण्यातला रिमोट! निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'वी' नावाचा व्हिडिओ गेम होता. तो खेळताना टीव्हीजवळ एक पट्टी ठेवायची. तिला सगळे 'सेन्सर बार' म्हणत, पण तिला बिचारीला काहीच कळत नसे! तिच्यात होते नुसते अवरक्त दिवे. खरा हुशार होता तो हातातला रिमोट. त्याच्या टोकाशी छोटा कॅमेरा होता. दिवे कुठे दिसतात त्यावरून आपण कुठे रोखलेलो आहोत, हे तो ठरवी. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागे, कारण ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश निघतो.

लीने ही मांडणी उलटी केली. कॅमेरा ठेवला एका जागी, पडद्याकडे तोंड करून. आणि दिवा घेतला हातात. पेनाच्या टोकाला अवरक्त दिवा, पोटात छोटा सेल आणि दाबायला बटण, झालं पेन! रिमोट मिळत होता सुमारे ४० डॉलरला. संगणक आणि प्रोजेक्टर मात्र लागणारच.

आता खरी अडचण ऐका. कॅमेरा बाजूला तिरका ठेवलेला. त्याला पडदा आयत दिसेलच कसा? वही तिरकी धरून बघा, लांबची कड आखूड दिसते. म्हणून सुरुवातीला पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर पेन टेकवायचं. त्या वाकड्या चौकोनातला कुठला बिंदू खऱ्या पडद्यावर कुठे येतो, हे संगणक गणिताने काढतो. भूमिती आवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. आयताचे दोन्ही कर्ण काढा आणि कागद तिरका धरा. बाजू लहानमोठ्या दिसतील, पण सरळ रेघा सरळच दिसतात. म्हणून कर्ण जिथे छेदतात, तो बिंदू कागदाचा मध्यच राहतो! फक्त चार कोपरे ठाऊक असले की सगळा पडदा हाती येतो, तो असा.

लीने कृती दाखवणारा व्हिडिओ आणि संगणकाचा प्रोग्रॅम सर्वांना फुकट दिला. मला तर शोधापेक्षा हेच मोठं वाटतं. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि कितीतरी शिक्षकांनी आपापल्या वर्गात असे फळे जुळवले. खोडी नव्हत्या असं नाही. लिहिणारा मध्ये उभा राहिला की दिवा झाकला जाई आणि रेघ तुटे. खिडकीतून ऊन आलं की कॅमेरा गोंधळे, कारण उन्हातही अवरक्त प्रकाश असतो.

तो 'वी' आता जुना झाला. आपल्याकडच्या अनेक शाळांत हल्ली मोठे डिजिटल फळे आलेत. त्यांतल्या बऱ्याच फळ्यांच्या चौकटीतून अवरक्त किरणांच्या आडव्या-उभ्या रांगा जात असतात. बोट टेकवलं की दोन्हींकडचे काही किरण अडतात आणि जागा सापडते. पालकांनो, तुमच्या शाळेत असा फळा असेल तर एकदा जरूर विचारा, त्याला मुलं हात लावतात का? फक्त बाईंनीच हात लावायचा असेल तर तो नुसता महागडा टीव्ही झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुलांनो, बाईंना किंवा सरांना विचारून त्या फळ्यावर प्लॅस्टिकची फुटपट्टी हलकेच टेकवून बघा. रेघ उमटली तर बहुधा तुमचा फळा किरणांचा. नाहीच उमटली आणि बोटाने मात्र उमटली, तर तो मोबाइलच्या काचेच्या जातीचा. त्याला किरण नव्हे, बोटातून जाणारी वीज कळते.