माळवद, साणे आणि ताटी : गृहरचनेच्या परिभाषेविषयी एक टिपण

यंत्राच्या साह्यावाचून घर थंड राखण्याच्या रीतींचा विचार सामान्यतः वास्तुशास्त्रात होतो. परंतु या रीतींची नोंद बोलीतील गृहविषयक शब्दांतही झालेली असते. प्रस्तुत टिपणात अशा काही मराठी शब्दांचा त्यांच्या कार्यासह विचार करावयाचा आहे.

मराठवाडा-सोलापूरकडील ‘माळवद’ आणि खानदेशातील ‘धाबे’ हे दोन्ही शब्द मातीच्या सपाट छपराचे वाचक होत. लाकडी तुळयांवर फळ्या अथवा काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर दिलेला असतो. भिंतीही पुष्कळदा ‘पांढरी’च्या, म्हणजे गावठाणाच्या मातीच्या असतात. मातीतून उष्णता सावकाश जाते. सुमारे १ फूट जाडीच्या भिंतीतून दुपारचा ताप आत पोचावयास साधारण १० तास लागतात; तोवर बाहेर रात्रीचा गारवा आलेला असतो. उलट ५ इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून तो ३-४ तासांतच उतरतो व संध्याकाळी छत तापलेले आढळते.

तथापि जाड भिंत केवळ विलंब करते. साठलेली उष्णता रात्री बाहेर न गेल्यास तीच भिंत जाचक ठरते. येथे ‘साणे’ उपयोगी पडते. माळवदातील या झरोक्यातून उजेड येतो, धूर जातो आणि वर चढलेली गरम हवाही निघून जाते. तिच्या जागी दारातून थंड हवा येते. संस्कृतात ‘गवाक्ष’ हे नाव आकारावरून, तर ‘वातायन’ हे कार्यावरून पडले आहे. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या प्राचीन नॉर्स समासापासून आला असून त्यात दोन्ही कल्पना एकवटल्या आहेत.

तिसरा शब्द ‘ताटी’. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते व आत येणारी हवा निवते. मात्र हा उपाय कोरड्या हवेतच सफल होतो. कोकणातील हवा बाष्पाने भारलेली असल्यामुळे तेथे भर आहे तो सावलीवर व वाहत्या वाऱ्यावर. ‘पडवी’ आणि ‘ओटी’ हे तेथील शब्द त्याचीच साक्ष देतात. गृहविषयक शब्दांच्या सीमा येथे पुष्कळ अंशी हवामानाच्या सीमांना अनुसरतात.

आज ‘धाबा’ म्हणताच हमरस्त्यावरील खाणावळ डोळ्यांपुढे येते. कोशात ‘साणे’ म्हणजे ‘झरोका’ एवढाच अर्थ नोंदला, तर शब्द उरेल पण त्यामागील ज्ञान लोपेल. आणि उन्हाळे अधिक कडक होत असता ही हानी केवळ भाषेची राहणार नाही. म्हणून बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वस्तूचे नाव विचारून थांबू नये. थर किती जाड, साणे केव्हा उघडावयाचे, केव्हा झाकावयाचे, हेही विचारून नोंदवावे. शब्दाचा अर्थ त्याच्या उपयोगाच्या नोंदीवाचून पुरा होत नाही.