सेवाशोध, मेघ संगणनातील

संगणकांच्या जाळ्यात एखादी सेवा पुरविणाऱ्या आज्ञावलीच्या ज्या प्रती त्या क्षणी चालू व कार्यक्षम असतील, त्यांचे पत्ते केवळ त्या सेवेच्या नावावरून मिळविण्याच्या व्यवस्थेस सेवाशोध म्हणतात. संगणकीय साधने हवी तेव्हा व हवी तेवढी आंतरजालावरून (इंटरनेटवरून) भाड्याने घेण्याच्या मेघ संगणन (क्लाउड) पद्धतीत ही व्यवस्था आवश्यक ठरते. या पद्धतीत मोठी प्रणाली पुष्कळदा एकसंध न बांधता लहान लहान स्वतंत्र सेवांत विभागतात व प्रत्येक सेवेच्या अनेक प्रती चालवितात. मागणी वाढली की नव्या प्रती सुरू होतात, ओसरली की त्या बंद केल्या जातात. बिघडलेल्या प्रतीच्या जागी दुसऱ्याच संगणकावर नवी प्रत उभी राहते. दर वेळी पत्ता (आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक) बदलण्याचा संभव असल्याने तो आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवता येत नाही.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात संगणकांची नावे व पत्ते यांची एकच यादी असे. ही यादी मेन्लो पार्क (कॅलिफोर्निया) येथील एसआरआय या संशोधन संस्थेत ठेवली जाई व इतर केंद्रे तिची नक्कल उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये क्षेत्रनाम प्रणाली (डीएनएस) मांडली. तीत नावांची जबाबदारी श्रेणीबद्ध रीतीने अनेक संगणकांवर वाटलेली असते. त्याच वर्षी झेरॉक्स कंपनीतील डेरेक ऑपेन आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर योगेन दलाल यांचा ‘क्लिअरिंगहाउस’ या विकेंद्रित निदेशिकेवरील निबंध प्रसिद्ध झाला. वस्तू, क्षेत्र व संघटना अशा तीन भागांचे नाव देऊन वस्तूचा ठावठिकाणा मिळविण्याची तीत सोय होती. पुढे याहू कंपनीत उगम पावलेली झूकीपर, नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये खुली केलेली युरेका, हॅशिकॉर्पची कॉन्सुल (२०१४), गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेली कुबरनेटीस आणि ॲमेझॉनची क्लाउड मॅप (२०१८) या प्रणाली प्रचारात आल्या.

नोंदणी : सेवाशोधाचा गाभा म्हणजे सेवा-नोंदवही होय. क्लाउड मॅपमध्ये तिची रचना त्रिस्तरीय असते : नामक्षेत्र, त्यातील सेवा आणि त्या सेवेच्या नोंदविलेल्या प्रती. प्रत्येक प्रतीच्या नोंदीत तिचा ओळख-क्रमांक, पत्ता आणि आवृत्ती, प्रदेश यांसारखे गुणधर्म असतात. नोंद करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत सुरू होताच स्वतःच नोंद करते व बंद होताना ती काढून घेते. दुसरीत प्रती चालविणारी देखरेख-यंत्रणा त्यांच्या वतीने हे काम करते. कुबरनेटीसमध्ये दुसरी रीत रूढ असून, काम स्वीकारण्यास सिद्ध झालेल्या प्रतींचेच पत्ते वाहतुकीसाठी निवडले जातात.

पृच्छा : नोंदवहीस दोन मार्गांनी विचारणा करता येते. पहिला मार्ग क्षेत्रनाम प्रणालीचा. तो जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीस अवगत असल्याने सोयीचा आहे; तथापि त्याच्या साध्या उत्तरात केवळ आयपी पत्ते मिळतात. पोर्ट क्रमांक हवा असल्यास एसआरव्ही ही निराळी नोंद लागते, आणि गुणधर्मांवरून निवड करण्यास फारसा वाव राहत नाही. शिवाय उत्तरासोबत दिलेला ग्राह्यकाल संपेपर्यंत वाटेतील संगणक जुनेच उत्तर वापरू शकतात. दुसरा मार्ग नोंदवहीस थेट विनंती करण्याचा. क्लाउड मॅपमध्ये अशा विनंतीत नामक्षेत्र व सेवा यांची नावे देतात. त्यांखेरीज दोन प्रकारच्या अटी घालता येतात. अनिवार्य अट न जुळणाऱ्या प्रती वगळल्या जातात. ऐच्छिक अट मात्र जुळणाऱ्या प्रती असतील तरच लागू होते, नसतील तर अनिवार्य अटींत बसणाऱ्या सर्व प्रती परत मिळतात. उदा., देयक सेवेच्या दहा प्रतींपैकी दोन नव्या आवृत्तीच्या असतील, तर ‘नवी आवृत्ती’ या अटीने त्या दोनच मिळतील. त्या दोन्हींची नोंद निघून गेली, तर अट अनिवार्य असल्यास उत्तर रिकामे येईल; ऐच्छिक असल्यास उरलेल्या आठ प्रती मिळतील. मिळालेल्या यादीचा क्रम यदृच्छ असल्याने अनेक ग्राहकांचा भार निरनिराळ्या प्रतींवर विभागला जातो.

यादीतून प्रत कोणी निवडावी, यावरूनही दोन प्रकार पडतात. युरेकामध्ये ग्राहक आज्ञावली सर्व यादी आपल्याजवळ ठेवून स्वतः निवड करते. कुबरनेटीसमध्ये सेवेस एक स्थिर आभासी पत्ता दिलेला असतो व त्यामागील प्रतीची निवड जाळ्याची यंत्रणा करते. परंतु हवे असल्यास प्रत्येक प्रतीचा पत्ता स्वतंत्रपणेही मिळविता येतो.

नोंदींची सत्यता : प्रत अचानक बंद पडल्यास ती आपली नोंद काढून घेऊ शकत नाही. म्हणून नोंद मुदतीची ठेवतात. युरेकामध्ये प्रत्येक प्रत सर्वसाधारणपणे दर ३० सेकंदांनी आपण चालू असल्याचा संदेश पाठविते. ९० सेकंद संदेश न आल्यास नोंद बाद होण्यास पात्र ठरते. अशा नोंदी काढण्याची फेरी दर ६० सेकंदांनी होते आणि ग्राहक आपली यादी दर ३० सेकंदांनी ताजी करतो. हे विलंब एकत्र आल्यास बंद पडलेल्या प्रतीचा पत्ता दोन-तीन मिनिटेही वापरात राहू शकतो. झूकीपरमध्ये प्रतीचे संधान तुटून मुदत संपली की तिची अल्पजीवी नोंद आपोआप नाहीशी होते. कॉन्सुल प्रणालीत प्रतींची आरोग्य-तपासणीही केली जाते आणि क्षेत्रनाम-पृच्छेच्या उत्तरातून नापास प्रती वगळतात.

संदेश न येणे याचा अर्थ प्रत बंद पडली असाच होतो, असे नाही. मधला मार्गच तुटलेला असू शकतो. अशा वेळी नोंदी भराभर काढल्यास सुस्थितीतील प्रतीही सेवेबाहेर जातात. यासाठी अपेक्षित संदेशांपैकी ८५ टक्क्यांहून कमी आल्यास युरेका नोंदी काढणेच थांबविते. क्लाउड मॅपमध्येही ‘सुस्थितीतील प्रती द्याव्यात, एकही नसल्यास सर्व द्याव्यात’ अशी विनंती करता येते. शंकास्पद पत्ता हा रिकाम्या उत्तरापेक्षा बरा, हे यामागील तत्त्व होय.

सुसंगती व उपलब्धता : नोंदवहीच एका संगणकावर ठेवल्यास तो बंद पडताच सर्व सेवा एकमेकींना पारख्या होतील, म्हणून तिच्या नकला अनेक संगणकांवर ठेवतात. परंतु जाळे दुभंगल्यास सर्व नकला एकसारख्या ठेवणे आणि प्रत्येक नकलेने उत्तर देत राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. हा विचार एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडला व गिल्बर्ट आणि लिंच यांनी तो २००२ मध्ये सिद्ध केला. झूकीपर बहुमताविना नवी नोंद स्वीकारीत नाही. युरेका उत्तर देत राहते, मग ते किंचित शिळे का असेना. पत्ता शिळा निघाल्यास ग्राहक दुसऱ्या प्रतीकडे वळू शकतो, म्हणून सेवाशोधासाठी पुष्कळदा उपलब्धतेस प्राधान्य दिले जाते.

नोंदवहीतील दोषाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे २० ऑक्टोबर २०२५ रोजी (भारतीय वेळेनुसार) दिसून आले. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातील डायनॅमोडीबी या विदा-सेवेच्या क्षेत्रनाम-नोंदी लावण्याचे काम परस्परांपासून स्वतंत्र अशा स्वयंचलित यंत्रणा करीत होत्या. त्यांपैकी रेंगाळलेल्या एका यंत्रणेने नव्या नोंदीवर जुनी नोंद चढविली आणि दुसरीने ती कालबाह्य समजून पुसली. सेवेच्या नावासमोर एकही पत्ता उरला नाही. दोष माणसांना हाताने दुरुस्त करावा लागला व त्यास सुमारे तीन तास लागले. तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवा पूर्ववत होण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. सेवा चालविणारे संगणक शाबूत असूनही केवळ त्यांचा पत्ता हरविल्याने हे घडले.

यावरून ग्राहक आज्ञावलीच्या रचनेसंबंधी काही नियम निष्पन्न होतात. शेवटचे उपयुक्त उत्तर जवळ राखावे व रिकाम्या उत्तराने ते तत्काळ पुसू नये. जोडणीस कालमर्यादा घालावी. अपयश आल्यास दुसरी प्रत निवडावी. पुनःप्रयत्नांमधील अंतर वाढवीत न्यावे, अन्यथा सावरू पाहणारी सेवा विनंत्यांच्या लोंढ्याने पुन्हा कोलमडते. तसेच नोंद करण्याचा व ती पुसण्याचा अधिकार मर्यादित ठेवावा लागतो; कारण खोटी नोंद घुसविणाऱ्यास त्या सेवेकडे जाणारी सर्व माहिती आपल्याकडे वळविता येते.