पांढऱ्या रंगाची पारख

पांढरा म्हणजे रंगाचा अभाव, असा एक समज आपल्या मनात नकळत रुजलेला असतो. रंगाऱ्याच्या व्यवहारात मात्र वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भिंत गुलाबी करावयाची असो, आकाशी करावयाची असो वा पिस्त्याच्या छटेची, डब्यातील झाकणारे मुख्य द्रव्य बहुधा पांढरेच असते. गुलाबी वा आकाशी द्रव्य त्यात चिमूटभर मिसळलेले असते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर रंगविण्याचे ठरले म्हणजे छटा निवडण्यासाठी घरात आठवडाभर वादविवाद चालतात. परंतु त्या छटेखालचे पांढरे कोणते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रंगाला किती हात द्यावे लागतील, पुढचा पावसाळा तो सोसेल की नाही, इतकेच नव्हे तर घरातील लहान मुलांच्या प्रकृतीस त्यापासून धोका आहे की नाही, हे सारे त्या पांढऱ्यावर अवलंबून असते. म्हणून त्याची थोडी पारख प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने करून घ्यावी.

प्रथम, पांढरे चूर्ण भिंत झाकते कसे ते पाहू. ओल्या फळ्यावर खडूने लिहिले तर अक्षर फिके, जवळजवळ दिसेनासे उमटते. फळा वाळला की तेच अक्षर पांढरेशुभ्र होते. खडू तोच, फळाही तोच. बदलते ते खडूच्या कणांभोवतीचे माध्यम. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशकिरण किती वाकतो, हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८ आणि खडूचा सुमारे १.६ आहे. कण व त्याभोवतीचे माध्यम यांच्या आकड्यांत जितके अंतर अधिक, तितका प्रकाश अधिक विखुरतो आणि तितका तो थर पांढरा व अपारदर्शक दिसतो. खडू आणि हवा यांत हे अंतर पुष्कळ. खडू आणि तेल यांत अगदी थोडे. म्हणूनच खडूची पूड जवसाच्या तेलात मळली की पांढरा रंग तयार होत नाही. तयार होते ती खिडकीच्या काचा बसविण्याची मळकट लांबी. पांढऱ्या रंगद्रव्याचा गेल्या दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे तेलातही पांढरे राहील अशा चूर्णाचा शोध होय.

आपल्या घरांचे सर्वांत जुने पांढरे म्हणजे चुना. विरविलेल्या चुन्याची निवळी भिंतीवर लावताना पाणचट दिसते. पाणी उडून गेले की कणांमध्ये हवा शिरते आणि भिंत उजळते. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते आणि तो भिंतीला घट्ट धरून राहतो. चुना स्वस्त आहे, त्याच्या क्षारतेमुळे बुरशीला आळा बसतो, आणि मुख्य म्हणजे तो भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. मात्र त्याचे सामर्थ्य कोरडेपणात आहे. तेलात घातल्यास खडूप्रमाणेच तोही निष्प्रभ ठरतो.

तेलात टिकणारे पहिले पांढरे माणसाला शिशापासून मिळाले. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या मडक्यांवर ठेवून ती मडकी शेणखतात कित्येक आठवडे पुरून ठेवीत. शेणखताची ऊब, त्यातून निघणारा वायू आणि व्हिनेगरची वाफ यांच्या योगाने शिशावर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरे. हाच सफेता. त्याचा अपवर्तनांक सुमारे २ आहे. जवसाच्या तेलाशी त्याचे असे काही सख्य जमते की त्याचा थर चिवट व लवचीक होतो आणि उन्हापावसात लाकूड राखतो. युरोपातील तैलचित्रांपासून बंगल्यांच्या दरवाजांपर्यंत शतकानुशतके त्याचेच राज्य होते. त्याचा एक दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर होता: गंधकाचे वायू असलेल्या हवेत तो काळवंडतो. दुसरा, अधिक भयंकर दोष ठाऊक असूनही दुर्लक्षिला गेला. तो म्हणजे त्याचे विषारीपण. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने शिशाच्या नळांविरुद्ध लिहिताना सफेत्याच्या अपायकारकतेचा दाखला दिलेला आहे.

या विषाचा सर्वांत करुण बळी लहान मूल ठरले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले की, तेथील मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या व्हरांड्यातील रंगविलेल्या कठड्यांत आहे. उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या बोटांना लागे, आणि बोटे तोंडात जात. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरांच्या आतील रंगकामात सफेता वापरण्याविरुद्ध करार संमत केला. तरीही रंगांतून शिसे पुरते हद्दपार व्हायला जगाला पुष्कळ काळ लागला. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा लागू झाली.

सफेत्याला पर्याय शोधणारे लोक फार पूर्वीच पुढे आले होते. पॅरिसमध्ये घरे रंगविण्याचा व्यवसाय करणाऱ्या लक्लेर याने आपल्या कामगारांचे हाल पाहून १८४० नंतरच्या दशकात जस्ताचे पांढरे चूर्ण, म्हणजे झिंक ऑक्साइड, प्रचारात आणले. जस्ताचे पांढरे काळवंडत नाही, कारण गंधकाशी संयोग होऊन तयार होणारा त्याचा पदार्थही पांढराच असतो. ते बुरशी रोखते आणि सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते. मात्र तेलातील आम्लांशी त्याचा साबण बनतो. त्यामुळे थर कठीण पण ठिसूळ होतो व कालांतराने तडकतो. बाजारात पुढे या चूर्णालाही ‘सफेदा’ म्हणू लागले. म्हणून नुसत्या नावावरून द्रव्य ओळखता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक सल्फाइड व बेरियम सल्फेट यांच्या मिश्रणाचे लिथोपोन आले. ते स्वस्त व निरुपद्रवी असले तरी उन्हात करडे पडण्याची त्याची खोड असल्यामुळे ते मुख्यतः घरातच शोभले.

खरी क्रांती केली ती काळ्या वाळूने. १७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला ओढ्याकाठच्या काळ्या वाळूत एका नव्या धातूचा पत्ता लागला. क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७९५ साली त्याला टायटॅनियम हे नाव दिले. या धातूच्या ऑक्साइडपासून रंगद्रव्य तयार करण्याचे कारखाने मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे व अमेरिका येथे उभे राहिले. आपल्या देशात ही काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, केरळ, तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवर विपुल आहे. कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ती आढळते. तिच्यापासून पांढरे चूर्ण काढणारा कारखाना तिरुवनंतपुरम येथे १९४६ साली स्थापन झाला. काळ्या वाळूच्या पोटी जगातील सर्वांत शुभ्र चूर्ण जन्माला यावे, हा निसर्गाचा एक कौतुकास्पद विनोदच म्हणावयाचा.

टायटॅनियम डायऑक्साइडची दोन रूपे रंगासाठी वापरतात: अॅनाटेज व रुटाइल. पहिल्याचा अपवर्तनांक सुमारे २.५५, तर दुसऱ्याचा सुमारे २.७. हिऱ्याचा आकडा २.४२ आहे, म्हणजे ही दोन्ही चूर्णे हिऱ्यालाही मागे टाकतात. त्यांचे कण मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या हिश्श्याएवढे केले की प्रकाश सर्वाधिक विखुरतो. सफेत्याहून त्यांची झाकणशक्ती कित्येक पट आहे. अॅनाटेज किंचित निळसर, म्हणून डोळ्यांना अधिक शुभ्र भासते. परंतु उन्हात ते आपल्याच भोवतीच्या तेलाचे वा रेझिनचे विघटन घडवून आणते. भिंतीवर हात फिरविला असता तळव्याला जी पांढरी पूड लागते, तिचे एक कारण हेच. रुटाइल या बाबतीत पुष्कळ शांत स्वभावाचे असते, त्याची झाकणशक्ती सुमारे पाव हिश्शाने अधिक असते, आणि त्याच्या कणांवर सिलिका व अॅल्युमिना यांचे पातळ कवच चढविले की ते वर्षानुवर्षे ऊन सोसते.

डब्यावर ही नावे सहसा छापलेली नसतात. तेव्हा निवड जागेवरून करावी. बाहेरच्या भिंतीला बाहेरच्यासाठीच बनविलेला रंग घ्यावा. उरलेला आतला रंग काटकसर म्हणून बाहेर लावणे म्हणजे दुहेरी खर्च होय. आतील छताला साधा डिस्टेंपर चालतो. त्यात रंगद्रव्य कमी आणि खडू, चिनी माती, शंखजिरे यांसारखी भर अधिक असते. वाळल्यावर कणांमधील हवेमुळे तो बरा झाकतो. पण त्याचा कस पाहावयाचा असेल तर ओल्या फडक्याने भिंत पुसावी. खालचा जुना रंग वर दिसू लागला तर ते सामर्थ्य हवेचे होते, चूर्णाचे नव्हे, असे समजावे. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांसाठी धुता येणारा, बुरशीरोधक रंग हवा. जुन्या विटा-चुन्याच्या, लोणा लागलेल्या भिंतींना मात्र अजूनही चुन्यासारखे औषध नाही. त्यांवर प्लॅस्टिकचा अभेद्य थर दिला की आत कोंडलेली ओल तो पापुद्र्यासारखा सोलून काढते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर, तो पुरता वाळण्यापूर्वी, ऑइलपेंट देऊ नये. गिलाव्यातील क्षार तेलाचा साबण करून टाकतो. चुन्याच्या सफेदीवरही ऑइलपेंट सरळ चढवू नये, आधी ती खरवडावी. आणि दारामागचा वा कपाटाच्या आतला पांढरा ऑइलपेंट पिवळा पडला तर चूर्णाला दोष देऊ नये. अंधारात पिवळे पडणे हा तेलाचा स्वभाव आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या वाड्यांत दरवाजे, खिडक्यांचे गज आणि जिन्यांचे कठडे यांवर कित्येक पिढ्यांच्या ऑइलपेंटचे थर साचलेले असतात. वरचा थर नवा व निर्दोष असला तरी खालच्या थरांत शिसे असण्याचा पुष्कळ संभव असतो. केवळ पांढऱ्यात नव्हे, तर पिवळ्या-नारिंगी रंगांत व रंग लवकर वाळविणाऱ्या द्रव्यांतही ते असे. नवा रंग देण्यापूर्वी रंगारी ते दार कोरड्या पॉलिशपेपरने घासतो किंवा दिव्याच्या ज्योतीने जाळून खरवडतो, तेव्हा हे झोपलेले विष धूळ व वाफ होऊन घरभर पसरते. ते प्रथम रंगाऱ्याच्याच छातीत जाते, आणि मग रांगणाऱ्या मुलाच्या बोटांवर. मुलांच्या बाबतीत शिशाची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही. पुष्कळदा ताप येत नाही, पुरळ उठत नाही. बुद्धीची वाढ मात्र खुंटते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलास आपण आळशी किंवा मंद म्हणून मोकळे होतो. त्याच्या मंदपणाचे कारण क्वचित घरातील दाराच्या धुळीत असू शकते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

उपाय कठीण नाहीत. थर घट्ट असेल तर तो न खरवडता त्यावरच नवा रंग द्यावा. घासणे अटळ असेल तर पृष्ठभाग ओला करून घासावा, खाली प्लॅस्टिकचे कापड अंथरावे, रंगाऱ्याला तोंडाला लावण्यास धूळरोधक मुखपट्टी द्यावी, आणि काम चालू असेतो लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांस त्या घरापासून दूर ठेवावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन दोनतीनदा पुसावी. पाळणा, खेळणी व मुलांच्या खाटा यांसाठी शिशाची मर्यादा पाळल्याचा उल्लेख असलेलाच डबा घ्यावा. शंका वाटल्यास मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

यंदा रंगाऱ्याला बोलावाल तेव्हा छटांचे पुस्तक अवश्य पाहा. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा: हा रंग कोणत्या जागेसाठी बनविलेला आहे, आणि जुना रंग तुम्ही कसा काढणार आहात?