कुलूपबंद पेपर आणि लायब्ररीची किल्ली

तानसा आणि भातसा आपल्या शहापुरात, पाणी मात्र मुंबईला! उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, हे इथं कुणाला सांगायला नको. संशोधनाचंही असंच होतं. आमचा प्रोजेक्ट मुरबाडच्या दोन पाड्यांवरच्या विहिरींचा. बेसाल्ट खडकातल्या भूजलावरचा एक पेपर हवा होता. नेटवर सापडला, क्लिक केलं, तर तीसेक डॉलर भरा! खडक आपला, संशोधकही आपल्याच विद्यापीठातले, कुलूप परदेशी प्रकाशकाचं.

हे कुलूप नको म्हणणारी चळवळ म्हणजे ‘ओपन अ‍ॅक्सेस’. संशोधन नेटवर कुणालाही मोफत वाचता, उतरवून घेता आणि वापरता यावं, असं २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मांडलं गेलं.

यात ग्रंथपालांचं काय काम? तेच तर खरं! बरेच प्रकाशक लेखकाला ‘स्वीकृत मसुदा’, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेली पण छापील मांडणी न झालेली प्रत, संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. आपल्या बऱ्याच सरांना हे ठाऊकच नसतं. करारातला बारीक मजकूर वाचून ‘सर, ही प्रत ठेवता येते’ असं सांगायचं आणि ती जपायची, हे ग्रंथपालांनी करावं. त्यासाठी ‘डीस्पेस’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीएचडीचे प्रबंध तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर खुले आहेतच.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं, सुमारे १३,००० जर्नल्स! पण पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी संस्थांना. आपलं खासगी कॉलेज बाहेरच. शिवाय तिथं कुलूप तसंच राहतं, भाडं सरकार भरतं.

आणि हो, ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ असे ई-मेल येतात ना? तो ओपन अ‍ॅक्सेस नव्हे, धंदा! जर्नल ‘डीओएजे’ या यादीत आहे का, हे लायब्ररीत विचारा.

आमचा तो पेपर मॅडमनी लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहातून पाच मिनिटांत काढून दिला. आम्ही दोन दिवस घालवले होते! आता आमच्या रिपोर्टची पीडीएफही मॅडम खुली ठेवणार आहेत. पाड्यावरच्या पाणीसमितीनं ती आधीच मागून ठेवली आहे.