बचत गटाचं स्वतःचं पान: फोटो, आवाज आणि व्हिडिओ एका जागी

आपल्या पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही बचत गटाच्या अध्यक्षताईंचा मोबाईल उघडून बघा. वाळत घातलेले पापड, मसाला कुटतानाचा व्हिडिओ, प्रदर्शनातला स्टॉल, सगळं त्यात असतं. पण खारघरच्या एखाद्या गिऱ्हाईक ताईंनी विचारलं, "तुमचं काम कुठे बघायला मिळेल?" की आपण एकेक फोटो शोधून पाठवत बसतो. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस तर चोवीस तासांत नाहीसं होतं. म्हणून आज इंटरनेटवरच्या गटाच्या पानाबद्दल बोलू या. सगळं एकदा तिथे मांडलं की एकच लिंक पाठवायची.

असं पान कसं दिसतं? 'पारी' या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा विभाग बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या पारीवर येऊ लागल्या. तिथे ओवीचे शब्द आहेत, गाणारीचा आवाज आहे, कुठे फोटो, कुठे व्हिडिओ, आणि सोबत तिचं नाव नि गाव. ओवी कुणाची, हे हरवत नाही. आपल्या मसाल्याचंही तसंच व्हायला हवं, नाही का?

पान बनवायला पैसे लागत नाहीत. जीमेल खात्यावरून 'गूगल साइट्स' उघडायचं. हे काम मोबाईलपेक्षा कॉम्प्युटरवर सोपं जातं. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी सोबत घेतली तर एक दुपार पुरते. वर गटाचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहा. मग 'इन्सर्ट'मध्ये 'इमेजेस' दाबून फोटो घाला. 'पब्लिश' दाबेपर्यंत बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही, त्यामुळे बिनधास्त खाडाखोड करा.

व्हिडिओ आधी यूट्यूबवर टाकायचा आणि मग 'इन्सर्ट'मधून पानावर आणायचा. गूगल खात्यात फुकट जागा १५ जीबी मिळते. मेल, फोटो, फाइली सगळं त्यातच बसवावं लागतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यात मोजला जात नाही. 'अनलिस्टेड' निवडलं तर तो लिंक असलेल्यांनाच दिसतो. दोन मिनिटं पुरे. पाहुण्यांची भाषणं त्यात नकोतच, गिऱ्हाइकाला मिरची बघायची असते.

आता आवाज. पॉडकास्ट म्हणजे हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओ कार्यक्रम. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण कॅमेऱ्यासमोर लाजणारी बाई नुसत्या आवाजात मोकळी बोलते. गटातल्या सगळ्यात जुन्या मावशींना विचारा, मसाल्याला कुठली मिरची, किती भाजायची, पूर्वी कुठे कुटायचे. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर धरा आणि मोबाईलच्या रेकॉर्डरवर घ्या. ती फाइल गूगल ड्राइव्हमध्ये ठेवून लिंक असलेल्या कुणालाही ऐकता येईल अशी परवानगी द्या, आणि मग पानावर आणा.

फोटो सकाळच्या उजेडात काढा. पाकिटावरचा अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक वाचता आला पाहिजे. मागे काय दिसतंय तेही बघा. पासबुक, आधार कार्ड, सह्यांचं रजिस्टर फोटोत येता कामा नये. पानावर नंबर दिला की फसवे फोनही येतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे गटातल्या प्रत्येकीला पाठ हवं. आणि जिचा फोटो टाकायचा तिला आधी विचारा. एखादीला चेहरा दाखवायचा नसेल तर पापड लाटणारे हात दाखवा. तिने नंतर 'काढा' म्हटलं तर लगेच काढा, कारण विचारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पान कुणाच्या खात्यावर? बऱ्याचदा गावातला एखादा हुशार मुलगा स्वतःच्याच खात्यावर ते बनवून देतो. मुलगा चांगला असतो, पण उद्या तो पुण्याला नोकरीला गेला की साधा फोन नंबर बदलायलाही त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. बँकेतलं खातं आपण एकटीच्या सहीवर चालवतो का? मग हे तरी दुसऱ्याच्या हातात का? गटाच्या नावाने वेगळं जीमेल काढा. आणखी दोघींना पान बदलण्याचा अधिकार द्या. पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा आणि पदाधिकारी बदलले की तोही बदला. बैठकीत तसा ठराव लिहून घ्या. अधूनमधून खातं उघडत राहा, दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते पुसू शकतं.

मोठ्या कंपन्याही आपली सेवा गुंडाळतात. आपल्या आवडीच्या गोष्टी मांडून ठेवायचं 'आयगूगल' हे पान २०१३ मध्ये बंद झालं, 'गूगल पॉडकास्ट्स' २०२४ मध्ये. म्हणून मूळ फोटो, आवाज आणि व्हिडिओ एका पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्या. त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि तोही पेटीतच, रजिस्टरशेजारी ठेवा.